गाडी आली की जेवू

डब्यावर छापलं होतं, ‘घरच्या घरी, कोणीही करू शकतो.’ या ‘कोणीही’मध्ये माझे बाबा धरलेत का, हे आधी विचारून घ्यायला हवं होतं. पण डब्यावरच्या चित्रातला माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून हसत हसत गाडीला रोलर मारत होता, आणि त्याच्या शर्टावर ठिपकासुद्धा नव्हता. बाबांनी दोन डबे आणले आणि रविवारसाठी आपला पांढरा शर्ट काढून ठेवला. आईने तो कपाटात परत ठेवून त्या जागी फाटका टी-शर्ट ठेवला. बाबांनी टी-शर्ट उचलून पुन्हा शर्ट काढला. आमच्या घरातले मतभेद असे न बोलता चालतात. बोलायचं खातं या वर्षापासून माझ्याकडे आहे. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून मला कुठल्याही विषयाच्या दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि मी कुणी थांबवेपर्यंत बोलते.

गाडी म्हणजे आमची पिकअप. पुढे दोघांना बसायला जागा, मागे सामानाचा उघडा हौदा आणि हौद्याच्या टोकाला साखळ्यांवर लटकणारा फाळका. माझ्या आजोबांनी आयुष्यभर हिच्यातून लोकांची बिऱ्हाडं हलवली. कपाटं, पलंग, शिलाई मशिनी. एकदा तर दातांच्या डॉक्टरचा अख्खा दवाखाना, खुर्चीसकट. प्रत्येकाने जाताना हौद्यावर आपापला ओरखडा ठेवला. ओरखड्यातून गंज शिरला आणि यंदा तर हौद्याच्या कोपऱ्यातून खालचा रस्ता दिसायला लागला. गाडीचं पासिंग जवळ आलं होतं. हौदा असाच दाखवला असता तर तपासनीस गाडी थेट भंगारात पाठवणार, हे मलासुद्धा कळत होतं.

“जाऊ दे की भंगारात,” असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. इंजिनिअर काका म्हणालेच. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पूल बांधायच्या खात्यातून निवृत्त झालेत आणि आता हाताशी पूल नसल्यामुळे आमच्यावर लक्ष ठेवतात.

“तू टाय लावून ऑफिसला जाणारा माणूस,” ते बाबांना म्हणाले, “तुला ही बैलगाडी कशाला हवी?”

बाबा विमा कंपनीत काम करतात आणि रोज टाय लावून पिकअपमधून उतरतात, हे खरंच आहे. ऑफिसच्या फाटकावर नवा पहारेकरी आला की तो बाबांना सांगतो, “माल मागच्या दाराने.” बाबा ओळखपत्र दाखवतात. तो ते नीट वाचतो, परत देतो आणि म्हणतो, “बरं. पण माल मागच्या दाराने.”

तरी बाबा गाडी सोडत नाहीत, कारण आजोबा.

आजोबांची खोली रस्त्याला लागून आहे आणि त्यांची कॉट खिडकीला लागून. आधी त्यांची नजर गेली, मग एकेक करून आम्ही गेलो. म्हणजे आम्ही आहोत तिथेच आहोत, त्यांच्या डोक्यातून गेलो. मला ते ताई म्हणतात. त्यांची एक मोठी बहीण होती, ती कधीच वारली. तिच्या जागी माझी नेमणूक झाली आहे. ते तिला फार घाबरायचे असं दिसतं, कारण मी नुसतं “दात घासले का?” विचारलं तरी ते गडबडीने उठायला बघतात. आईला ते ‘बाई’ म्हणतात आणि तिचे आभार मानतात. आणि बाबांना म्हणतात, साहेब.

“या साहेब. बसा. कुठे न्यायचंय सामान?”

“ऑफिसात कुणी म्हणत नाही, निदान घरी तरी म्हणतंय,” असं आई एकदा म्हणाली. बाबा हसले. त्यानंतर ती ते परत म्हणाली नाही.

एक गोष्ट मात्र आजोबांच्या डोक्यातून हललेली नाही. धंद्याच्या काळात त्यांचा नियम होता: गाडी घरी आल्याशिवाय रात्री कुणी जेवायचं नाही. मालक नाही, हमाल नाही, घरातलं पोरही नाही. गाडी परगावी गेली असेल तर एका रात्रीची सूट. दुसऱ्या रात्री मात्र कुणीतरी शोधायला निघायचं. तो नियम अजून चालू आहे. संध्याकाळी मी ताट घेऊन त्यांच्याजवळ बसते. बाबांची गाडी कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर चढते, रिकामा हौदा खडाखडा वाजतो, फाळका आपटतो, सगळी गल्ली एकदा दचकते. आजोबा मान वर करून म्हणतात, “आली.” आणि तोंड उघडतात. त्याआधी घास नेला तर ओठ असे घट्ट मिटतात की चमच्यालाच ओशाळं वाटावं.

तर अशी ही गाडी. तिला वाचवण्यासाठी हौद्याला जाड रबरी लेप द्यायचा, असं बाबांनी ठरवलं. गंजही लपेल आणि पुढची दहा वर्षं बघायला नको. कारागिराकडून करून घेण्यात काय अर्थ आहे, कोणीही करू शकतो.

रविवारी सकाळी आम्ही गाडी गल्लीत आडवी लावली. आधी गंज घासायचा होता. बाबांनी हौद्याचा एक कोपरा घासला आणि उरलेले तीन मला देऊन ते सूचना वाचायला बसले. मी घासत असताना इंजिनिअर काका वरून म्हणाले, “गोल घासू नकोस, सरळ घास.” शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, त्यांची जाडी मांजर काखेत, आणि म्हणाल्या, “सरळ घासलं की चरे पडतात, गोलच घास.” मी दोन्ही बाजूंनी बोलू शकते तसं दोन्ही बाजूंनी घासलं. मग कडांना लेप लागू नये म्हणून जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. तोवर बाबांच्या सूचना वाचून झाल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे सांगितलं, “महत्त्वाचं असं आहे की हार्डनर मिसळला की अर्ध्या तासात संपवायचं. नाहीतर दगड होतो.”

“मग एकेक डबा मिसळू या,” मी म्हटलं.

“अजिबात नको,” इंजिनिअर काका एव्हाना खाली येऊन आमच्यात उभे होते. “दोन्ही एकदम कालव. नाहीतर रंगात फरक पडेल.”

“काळ्यात कसला फरक?” आईने खिडकीतून विचारलं.

“वहिनी, काळ्यातच पडतो.”

बाबांनी दोन्ही एकदम कालवलं. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं आहे. लहानपणी ते आजोबांबरोबर गाडीवर जायचे, फाळका लावायचं काम त्यांचं, तेव्हा त्यात सापडलं होतं. काहीही ढवळताना ते बोट एकटंच वर राहतं, मोठ्या घरात चहाला बोलावल्यासारखं. तर तसं बोट वर ठेवून त्यांनी ढवळलं, रोलर बुडवला, आणि तेवढ्यात काका म्हणाले, “एक मिनिट. रोलर उभा मारणार की आडवा?”

त्या क्षणी बाबांनी सरळ रोलर मारायला हवा होता. पण टेबलावर काम करणाऱ्या माणसाला मत विचारलं की तो विचार करतो. काकांचं म्हणणं, पाणी वाहतं त्या दिशेने मारावा. शेजारच्या काकूंचं म्हणणं, त्यांच्या भाच्याने गच्चीला आडवा मारला होता, आजतागायत थेंब गळलेला नाही. काका म्हणाले, गच्ची आणि वाहन यांत मूलभूत फरक आहे. काकू म्हणाल्या, मूलभूत म्हणजे काय ते सांगा. समोरून जाणारा टपालवाला सायकल टेकवून उभा राहिला. त्याचं मत तिरपा मारावा असं पडलं. मला बक्षीस मिळालेलं असल्यामुळे मी तिन्ही बाजूंनी बोलले. फार रंगलं ते. शेवटी आई बाहेर आली, तिने रोलर बाबांच्या हातात कोंबला आणि म्हणाली, “मारा कसाही.”

मग मात्र बाबांनी असा काही सपाटा लावला की बघत राहावं. हौद्याचा तळ झाला. दोन्ही बाजू झाल्या. भोकं बुजली. काळाभोर, जाड, मगरीच्या पाठीसारखा खरखरीत लेप बसला. बाबा घामाघूम, पांढरा शर्ट आता पांढरा होता असं सांगावं लागेल असा. फक्त फाळका राहिला. बाबांनी रोलर पुन्हा डब्यात बुडवला आणि तो बाहेर आला नाही. त्यांनी ओढला, काकांनी डबा धरला, टपालवाल्याने काकांना धरलं. डबा, रोलर आणि ढवळायची काठी यांचा एकच दगड झाला होता. तो अजून आमच्याकडे आहे. दार वाऱ्याने बंद होऊ नये म्हणून लावतो.

काकूंना वास सहन झाला नाही म्हणून त्या आत गेल्या, पण जाताना मांजर विसरल्या. तिने गॅलरीतून हौद्यात उडी मारली, मधोमध उभी राहून सगळीकडे पाहिलं आणि शांतपणे फाळक्यापर्यंत चालत गेली. तिची पावलं लेपात उमटली आणि वाळली. कडेची वर्तमानपत्रंही निघेनात. एका बाजूला कायमचं छापलं गेलं: ‘आकाश निरभ्र राहील.’

त्या संध्याकाळी गाडी हलवायची नव्हती. मी आजोबांना सांगितलं, “गाडी परगावी गेलीय.” त्यांनी मान डोलावली. एका रात्रीची सूट. थोडंसं जेवले.

“कोण गेलंय बरोबर?” त्यांनी विचारलं.

“साहेब गेलेत,” मी म्हटलं.

“साहेब कशाला,” ते म्हणाले आणि विचारात पडले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा काढून गाडी पासिंगला नेली. मीही शाळा बुडवून गेले, बाबांना बोलायला कुणीतरी हवं म्हणून. निघताना इंजिनिअर काकांनी फाळक्याच्या दोन्ही बाजूंना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबले. “खुळखुळणारी गाडी तपासनीसाला म्हातारी वाटते,” ते म्हणाले.

तपासनीस बारीक आणि दुःखी होता. त्याने हौद्याभोवती एक फेरी मारली.

“गाडीचा रंग कागदावर पांढरा आहे.”

“पांढराच आहे,” बाबा म्हणाले.

“हा काळा आहे.”

“तो हौदा आहे.”

“हौदा गाडीचा आहे का?”

बाबांनी कबूल केलं की आहे. तपासनीसाने आम्हाला खिडकी चारवर पाठवलं, रंगबदलासाठी. खिडकी चारने विचारलं, संपूर्ण रंगबदल की अंशतः? अंशतः असेल तर खिडकी सहा. खिडकी सहाने गाडी लांबून पाहिली आणि सांगितलं, रंग नाही, हा लेप आहे. लेप आमच्याकडे येत नाही. परत तपासनीस. तोवर त्याचं जेवण झालं होतं आणि तो कमी दुःखी होता. त्याने ‘आकाश निरभ्र राहील’ वाचलं आणि खरोखर वर पाहिलं.

“हे पाय कुणाचे?”

“शेजाऱ्यांचे,” बाबा म्हणाले.

“आणि फाळका का सोडलाय?”

मी पुढे झाले. म्हटलं, “आधी गाडी कशी होती ते दिसावं म्हणून नमुन्यादाखल ठेवलाय.”

तपासनीसाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शिक्का मारला. येताना बाबा गाणं गुणगुणत होते आणि टायची गाठ सैल केली होती. इतक्या खुशीत मी त्यांना फार दिवसांनी पाहत होते. मला कोपऱ्यावर सोडून ते ऑफिसला गेले. नवीन पहारेकऱ्याने हौदा बघून त्यांना सलाम केला आणि म्हणाला, “नवी घेतलीत? माल मागच्या दाराने.”

संध्याकाळी मी ताट घेऊन बसले. बाबा आले. मला खिडकीतून दिसलं, गाडी गतिरोधकावर चढली आणि उतरली. एखादी गादी जिन्यावरून घसरावी तेवढाच आवाज झाला. बाबा आत आले, हातपाय धुतले, आणि आजोबांच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

आजोबा खिडकीकडे कान लावून बसले होते.

“आली ना गाडी,” मी म्हटलं. “जेवा.”

“कुठे आली?”

“ही काय, दारात उभी आहे.”

“ताई, मला ऐकू येतं,” आजोबा म्हणाले. “नाही आली.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून त्या काळ्याभोर, दहा वर्षं बघायला नको अशा हौद्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं. आम्ही गाडीला इतकं नीट वाचवलं होतं की तिच्यात आवाजच उरला नव्हता.

त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढच्या संध्याकाळी आईने खिडकीबाहेर उभं राहून पातेल्यावर डाव वाजवला. “बाई, पातेलं पडलं,” आजोबा म्हणाले. माझ्या फोनमध्ये गाडीचा एक जुना व्हिडिओ सापडला, मागे हौदा खडखडताना. तो लावला. आजोबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, “लांबून गेली. दुसऱ्या कुणाची तरी.” इंजिनिअर काकांनी मोठा स्पीकर आणला. त्यावर तोच आवाज लावला तर आजोबा कॉटची कड धरून बसले आणि म्हणाले, “ताई, पूल पडला.” इंजिनिअर काका स्पीकर घेऊन वर गेले. पुलाबद्दल त्यांना कुणी असं बोललेलं आवडत नाही, पण त्या दिवशी ते त्यासाठी गेले नसावेत.

सकाळी दूध आणि दुपारी चार घास एवढंच पोटात जात होतं. त्यांची मनगटं आधीच बारीक होती, आता घड्याळाचा पट्टा कोपरापर्यंत सरकायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, खायला हवं. हे आम्हाला माहीत होतं. परगावची सूट मी परत वापरून पाहिली. म्हटलं, अजून आली नाही, उद्या येईल. मी घास पुढे केला तर आजोबा कॉटवरून पाय खाली सोडून चाचपडत होते.

“काय हवंय?”

“चपला,” ते म्हणाले. “दुसरी रात्र आहे. बघायला जायला हवं. पोरगं आहे गाडीवर.”

त्यांना उभंही राहता येत नाही. मी त्यांचे पाय उचलून वर ठेवले, त्यांनी परत खाली सोडले. मी परत ठेवले. ताई म्हणून ओरडूनही पाहिलं. ते घाबरले, पण पाय खाली सोडलेच. मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं, पण त्या वेळी एकाही बाजूने काही सुचेना.

बाबा दारातच उभे होते. ते वळले आणि बाहेर गेले. मला वाटलं, बघवत नाही म्हणून गेले. मी खिडकीतून पाहिलं तर ते फाळक्यापाशी वाकले होते आणि त्या ट्यूबचे तुकडे ओढून काढत होते. एक निघेना, तो त्यांनी दातांनी ओढला. ऑफिसचा शर्ट, टाय, सगळं तसंच. मग साखळ्या सैल सोडल्या. गाडी सुरू केली, गल्लीबाहेर गेले, आणि थोड्या वेळाने परत आले, नेहमीपेक्षा जरा जोरात.

पुढची चाकं गतिरोधकावरून उतरली. मागची चढली. आणि लेप मध्येच दगड झाला म्हणून उघडाबोडका राहिलेला तो एकटा फाळका असा काही कडाडला की काकूंची मांजर गॅलरीतून आत पळाली.

आजोबांचे पाय थांबले.

“आली,” ते म्हणाले.

मी घास हातात धरून तशीच बसले. बाबा गाडीतून उतरून खिडकीपाशी, माझ्यासमोर येऊन उभे राहिले होते. आजोबा अजून ऐकत होते, भुवया आवळून, धंद्यातला माणूस ऐकतो तसं.

“फाळका सैल आहे,” ते मला म्हणाले. “पोराला सांग, बोट सांभाळ म्हणावं.”

बाबांनी आपला उजवा हात डाव्या हातात धरला. मी काही बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

आजोबांनी तोंड उघडलं. मी भरवलं. एक, मग दुसरा. भूक लागली होती त्यांना. बाबा दारातून आत आले, डोळे पुसलेले, शर्टाला गंज लागलेला, आणि कॉटच्या कडेला हळूच टेकले. वजनाने कॉट कलली तसे आजोबा त्यांच्याकडे वळले. चेहरा नुसता खुलला होता.

“कोण, साहेब का? या, या. आमची गाडी आली बघा,” ते म्हणाले. “आता जेवूनच जा.”

“हो,” बाबा म्हणाले.

आईने दुसरं ताट आणलं.